हसवणारा कीर्तनकार आणि दुसऱ्या भागातली शाळा

🧵 विनोद, संगीत आणि बंद पडू घातलेली शाळा या तीन गोष्टी एकत्र आल्या की चित्रपट तयार होतो, अशी हॉलिवूडची जुनी समजूत आहे. वऱ्हाडात मात्र त्यांतून इतिहास घडला होता. त्या इतिहासाचा पहिला भाग सर्वांना पाठ आहे. दुसऱ्या भागाकडे सहसा कोणी वळत नाही. हा थ्रेड त्या दुसऱ्या भागाविषयी आहे.

आधी चित्रपट. १९९३ साली 'सिस्टर ॲक्ट'चा दुसरा भाग आला. व्हूपी गोल्डबर्ग पुन्हा एकदा जोगिणीच्या वेशात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मिशनरी शाळेत शिरते आणि तिच्यापुढे उनाड मुलांचा संगीताचा वर्ग ठेवला जातो. शाळा बंद करून तिथे वाहनतळ करायचा, असा व्यवस्थापनाचा बेत असतो. मुले गायला शिकतात, राज्यस्तरीय स्पर्धा जिंकतात आणि शाळा वाचते. समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले, प्रेक्षकांनी मात्र तो जपला. लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ हायस्कूलमधील आयरिस स्टीव्हनसन या संगीतशिक्षिकेच्या कामावरून त्यातील नायिकेचा हा नवा अवतार सुचला होता. म्हणजे मूळ माणूस खराच होता. शेवटच्या गाण्यानंतर शाळा वाचते, हा भाग तेवढा पटकथाकारांचा.

कारण शाळा एका गाण्याने वाचत नाही. गाण्याने सभागृह भरते, डोळ्यांत पाणी येते, एखादा दाता उभा राहतो. पण पुढच्या महिन्याचा मास्तरांचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याचा, गळणारे छप्पर, वसतिगृहातले धान्य या गोष्टी टाळ्यांवर चालत नाहीत. हे ज्याला नेमके कळले होते, असा एक माणूस अमरावती-अकोल्याच्या मातीत होऊन गेला. शाळेची पायरी तो स्वतः कधी चढला नव्हता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात. जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. आईने पोराला घेऊन माहेर गाठले, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळचे दापुरे. आजोळची शेती चांगली होती. डेबूजी तिच्यात राबला. मग एके दिवशी ती जमीन सावकाराच्या वहीत गेली.

हा तपशील चरित्रात दोन ओळींत उरकला जातो, पण गाडगेबाबांच्या कीर्तनाचे बीज तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा कापसाचा मुलूख झाला. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या हाती आला, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, आगगाडी आली, अमरावतीची बाजारपेठ फुगली. नगदी पिकासोबत नगदी कर्जही आले. ज्याला अक्षर येत होते त्याने वही लिहिली आणि ज्याला येत नव्हते त्याने तिच्यावर अंगठा उठवला. निरक्षरतेची किंमत इथे एकरांत मोजली जात होती. त्यामुळे पुढे बाबा लेकरांना शाळेत घाला म्हणून जीव तोडून सांगत, तेव्हा ते ज्ञानाच्या महतीवर प्रवचन देत नसत. हिशेब न कळल्यामुळे घर कसे बुडते, ते त्यांनी आपल्या आजोळी पाहिले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे. इथवरचे चित्र प्रत्येक मराठी मुलाने शालेय पुस्तकात पाहिले आहे. तो खराटा इतका मोठा झाला की त्याच्या मागे माणूस दिसेनासा झाला. २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि हे चित्र कायमचे गोठले. अभियान चांगलेच होते. परंतु गाडगेबाबा म्हणजे स्वच्छता, हे समीकरण म्हणजे तुकाराम म्हणजे किराणा दुकान असे म्हणण्यासारखे आहे. खोटे नाही, पण मुद्दा सुटतो.

बाबा सकाळी गाव झाडत आणि संध्याकाळी त्याच गावात कीर्तन करीत. दिवसाचे काम ही संध्याकाळची जाहिरात होती, असे म्हटले तर काही भाविकांना खटकेल, पण ते खरे आहे. कोण हा वेडा, म्हणून दिवसभर ज्यांनी पाहिले ते रात्री ऐकायला येत. आणि आल्यावर हसत. खूप हसत.

हसणे या शब्दावर इथे थोडे थांबायला हवे, कारण संतचरित्रांना त्याचे वावडे आहे. नारदीय कीर्तनाची एक घडण असते. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, साथीला पेटी-तबला, अंगावर उपरणे, डोक्याला पगडी. वारकरी कीर्तनात वीणा, टाळ, मृदंग आणि एक अभंग सोडवण्याची शिस्त. गाडगेबाबांनी दोन्हींतले हवे तेवढेच घेतले. वाद्य नसले तर दोन दगड उचलून ते ताल धरीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. आख्यान नाही, शास्त्राधार नाही. असे ते श्रोत्यांना नुसते विचारत. देव कुठे राहतो? कोणी पाहिला? त्याला आंघोळ कोण घालतो? त्याचे नेसू कोण बदलतो? ज्याला स्वतःचे नेसू सांभाळता येत नाही तो तुमचे काय सांभाळणार? प्रत्येक प्रश्नाला समुदायाने उत्तर द्यायचे, एका सुरात, आणि उत्तर देताना आपणच आपल्याला पकडतो आहोत हे लक्षात आले की हशा फुटायचा. त्या हशावर देवकीनंदन गोपालाचा गजर चढायचा आणि पुढचा प्रश्न यायच्या आत माणसे पुन्हा एकत्र गात असायची.

सॉक्रेटिसशी तुलना करण्याचा मोह इथे अनेकांना होतो. ती पूर्ण जुळत नाही. सॉक्रेटिस एकेकट्याला गाठून कोंडीत पकडत असे आणि पकडलेला माणूस चिडून घरी जात असे. बाबा हजार माणसांना एकदम कोंडीत पकडत, त्यामुळे चिडायला समोर कोणी उरत नसे. शेजारी हसतो आहे, पुढचा हसतो आहे, मग आपणही हसतो. एकदा हसला की माणूस त्या विचाराचा भागीदार झाला. दुसऱ्या दिवशी बकरे कापताना त्याला शेजाऱ्याच्या नजरेला नजर देणे जड जाई. समाजसुधारणेच्या इतिहासात लेख, सभा, ठराव आणि कायदे यांची नोंद होते. हशाची नोंद होत नाही, कारण त्याचा कागद उरत नाही.

सत्यनारायणाविषयीचा त्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. पोथीत प्रसादाच्या जोरावर बुडालेली नौका वर येते. मग महायुद्धात एवढ्या आगबोटी समुद्राच्या तळाशी गेल्या, त्या वर काढायला सरकारने एक पूजा का घालू नये? सव्वा रुपयाचा तर खर्च! हा विनोद सांगताना ते कोणाला नास्तिक व्हायला सांगत नव्हते. देवकीनंदनाचा गजर तर चालूच होता. ते फक्त खर्चाचा हिशेब मांडत होते, आणि वाचलेले पैसे कुठे न्यायचे ते पुढच्या दहा मिनिटांत सांगत होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. बाबांच्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की, नदीकाठी लोक पितरांना पाणी देत होते, तेव्हा बाबा दुसऱ्याच दिशेला पाणी उडवू लागले. काय करता म्हणून विचारले तर म्हणाले, वऱ्हाडातल्या शेताला पाणी देतो. स्वर्गात पोचते तर वऱ्हाडात का पोचणार नाही? गोष्ट फर्मास आहे. परंतु हीच गोष्ट गुरू नानकांविषयी हरिद्वारच्या संदर्भात शतकानुशतके सांगितली जाते. बाबांनी ती ऐकून स्वतः केली असेल, किंवा त्यांच्या पश्चात ती त्यांना येऊन चिकटली असेल. चांगल्या विनोदाला मालक नसतो. पुरावा म्हणून तो वापरताना मात्र जपून वापरावा.

सुदैवाने एक पुरावा असा आहे की ज्यावर शंका घ्यायला जागा नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित केले गेले. त्यांच्या शेवटच्या कीर्तनांपैकी हे एक. ज्यांनी ते अजून ऐकले नसेल त्यांनी आंतरजालावर शोधून ऐकावे. आचार्य अत्रे म्हणत की गाडगेबाबांना पाहायचे तर कीर्तनातच पाहावे. पाहणे आता शक्य नाही, पण ऐकणे शक्य आहे.

काय ऐकू येते? ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, पण वेग असा की धाप श्रोत्यालाच लागावी. भाषा अस्सल वऱ्हाडी, 'बाप्पा'ने माणसाला जवळ ओढणारी. प्रश्न, उत्तर, हशा, गजर. दारू, कर्ज, नवस, शिवाशिव. आणि मग शिक्षण. तिथे ते उदाहरण देतात ते कोणा ऋषीचे नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ज्यांच्या पिढ्यांच्या वाट्याला झाडणे आले, त्या घरातल्या बापाला पोराला शाळेत घालण्याची बुद्धी झाली आणि त्या पोराने देशाची घटना लिहिली, असा त्यांचा आशय. जेवायचे ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण लेकराला शाळेत घाला, हेही त्याच ओघात येते. त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला.

चौदा दिवसांचे हे अंतर दर डिसेंबरात समाजमाध्यमांवर हळहळीने फिरते. त्याहून महत्त्वाची एक तारीख मात्र फिरत नाही. पंढरपुरात बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, ज्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती त्यांच्यासाठी. १९४९ मध्ये ही इमारत त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांना दिली. कीर्तनातून उभा राहिलेला पैसा शेवटी कुठे जावा याविषयी त्यांचे मत काय होते, हे यापेक्षा स्पष्ट कसे कळणार?

इथून दुसरा भाग सुरू होतो.

वऱ्हाडात शाळा उभारण्याचा दुसराही एक मार्ग त्याच काळात चालू होता. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेहून पदवी घेऊन आले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रवेश सत्याग्रह त्यांनी लढवला, आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. ही संस्था म्हणजे विदर्भातील शेतकऱ्यांच्या पोरांसाठी महाविद्यालयाचे पहिले उघडे दार, असे म्हणायला हरकत नाही. तो मार्ग सनदी होता. कौन्सिलात जायचे, कायदा करायचा, संस्था नोंदवायची. मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज उभारणारे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत गावे जोडत होते. त्यांचा मार्ग भावनेचा आणि शिस्तीचा, सामुदायिक प्रार्थनेचा. एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत हे तिघे होते. या तिघांत विनोद हे मुख्य हत्यार फक्त एकाचे होते, आणि स्मारकात तेच हत्यार हरवले. पंजाबरावांची संस्था आहे, त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्याला आहे. तुकडोजींची खंजिरी गुरुकुंजात आजही वाजते. बाबांचा खराटा उरला, गजर उरला. हशा गेला.

आता शाळेकडे. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था चालवत होते. स्थापना १९१९. गाडगेबाबा त्यांचे चाहते. एखाद्या गावात बाबांचे कीर्तन झाले की तिथल्या मंडळींना भाऊरावांच्या कामाला हात लावायला ते सांगत. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या सरकारविरोधी बोलण्यावरून मुंबई सरकारने रयतेचे अनुदान थांबवले. शेकडो शाळा, हजारो पोरे, आणि मास्तरांना द्यायला पैसा नाही. चित्रपटात इथे मुलांनी स्पर्धेत भाग घेतला असता.

बाबांनी काय केले? चरित्रकार सांगतात की ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले. खेरांची बाबांवर श्रद्धा होती. बाबांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, ते कधीच मागत नसत. रयतेचे अनुदान सुरू करा, एवढेच त्यांचे मागणे. अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये भाऊरावांनी कराडला महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय. विदर्भातल्या एका निरक्षर परिटाचे नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाला, आणि तेही तो हयात असताना.

या प्रसंगाकडे सहसा 'संताच्या शब्दाचा प्रभाव' म्हणून पाहिले जाते. ते वाचन अपुरे आहे. कीर्तनातून हजारोंची वर्गणी उभी करण्याची ताकद या माणसाकडे होती. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर इथल्या धर्मशाळा, ऋणमोचनचा पूर्णाकाठचा घाट ही त्याची साक्ष. मग रयतेसाठी त्यांनी नुसतीच कीर्तनांची मालिका का लावली नाही? लोकांकडून पैसा जमवून संस्था तगवता आली नसती का? काही महिने आली असती. पण घाट एकदा बांधला की तो राहतो, शाळा दर सकाळी नव्याने चालवावी लागते. बांधकामाला लोकवर्गणी पुरते. चालवायला सरकारच लागते. हा फरक बाबांना स्वच्छ कळला होता, म्हणून घाटासाठी ते लोकांपुढे गेले आणि शाळेसाठी मुख्यमंत्र्यांच्या दारात उभे राहिले.

हा मुद्दा आज जुना राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या मुलांना एकत्र आणून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांच्या वर होती. आणि त्याच महिन्यात सरकारी शाळा देणगीदारांना 'दत्तक' देण्याची योजना आली. पहिल्या प्रस्तावावर ओरड झाली, दुसऱ्या योजनेचे काहींनी स्वागत केले. लोकसहभाग, समाजाची बांधिलकी, संतांची परंपरा हे शब्द अशा वेळी हमखास वापरले जातात. त्या परंपरेत गाडगेबाबांचे नावही ओढले जाते.

ते नाव तिथे वापरणे ऐतिहासिकदृष्ट्या चूक आहे. बाबांनी लोकांचा पैसा घेतला तो सरकारने आपली जबाबदारी झटकावी म्हणून नव्हे. जिथे सरकार पोचतच नव्हते, तिथे त्यांनी तो लावला. यात्रेकरूच्या निवाऱ्याला, अंध-अपंगांच्या अन्नाला. आणि सरकार जिथे पोचू शकत होते तिथे त्याला पोचायला भाग पाडले. शाळेला दाता शोधून देणारा माणूस म्हणून त्यांना उभे करणे सोयीचे आहे. अनुदान परत मिळवून देणारा माणूस म्हणून उभे करणे गैरसोयीचे आहे. पण कागदपत्रांच्या बाजूने पाहता दुसरा गाडगेबाबाच अधिक खरा ठरतो.

याविरुद्ध एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात नऊ मुलांची शाळा, दोन मास्तर, एकच वर्ग उघडा. अशी शाळा चालवत राहणे हे त्या नऊ मुलांच्या हिताचे आहे का? त्यांना गाडीने मोठ्या शाळेत नेले, तिथे ग्रंथालय, मैदान, संगीताचा तास मिळाला, तर वाईट काय? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक आहेत आणि त्यांना शाळाविरोधी म्हणणे अन्याय्य होईल. अडचण एवढीच की गाडी येईल ही खात्री कोण देणार? मेळघाटच्या उतारावरील रस्ता पावसाळ्यात कसा असतो, हे अमरावती जिल्ह्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. गाडी चुकली की आधी मुलीची शाळा सुटते, मुलाची नंतर. दापुऱ्याच्या डेबूजीला जवळ शाळा असती तर तो शिकला असता की नाही, कोण जाणे. लांबच्या शाळेत मात्र त्याला गुरे सोडून कोणी पाठवले नसते, हे निश्चित.

आणि संगीताचा तास? इथे चित्रपटाचे थोडे बरोबर आहे, हे मान्य करायला हवे. शाळा गाण्याने वाचत नाही, पण शाळा वाचवावीशी वाटते ती बऱ्याचदा गाण्यामुळे. गावाला गणिताचा तास दिसत नाही, गॅदरिंग दिसते. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी दिसते. पोरगी मंचावर उभी राहून न अडखळता बोलली, हे बापाला दिसते. बाबांनी हेच उलट्या क्रमाने केले होते. आधी गाणे, मग हसणे, मग प्रश्न, आणि प्रश्नाच्या शेवटी शाळा. लोक शाळेच्या सभेला आले नसते. ते कीर्तनाला आले आणि शाळेचा विचार घेऊन गेले.

म्हणून दुसऱ्या भागाची खरी शोकांतिका पैशाची नाही, स्वराची आहे. बाबांच्या हयातीतच, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. त्याच्या आश्रमशाळा, वसतिगृहे, धर्मशाळा आजही आहेत. आपल्या नातलगांपैकी कोणाचाही या संस्थांवर हक्क राहणार नाही, अशी तजवीज बाबांनी करून ठेवली होती. संतांच्या वारसाहक्काचा इतिहास पाहता हे जवळजवळ अचाट आहे. मूर्तिजापूरला त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. १९८३ मध्ये सुरू झालेले अमरावती विद्यापीठ पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. इमारती, नावे, हिशेब सगळे टिकले. मात्र या सगळ्या ठिकाणी २० डिसेंबरला जी भाषणे होतात, ती गंभीर असतात. हार, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे मनोगत. मान्यवरांना प्रश्न विचारले जात नाहीत. समुदायाला तर नाहीच नाही.

यात दोष फक्त संस्थांचा नाही. चरित्रकारांनीही वाटा उचलला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच चरित्र लिहिले. त्यांना बाबांची धार आवडली होती आणि ती त्यांनी जपली. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तर तरुणपणी बाबांबरोबर भटकले होते. त्यांच्या पुस्तकात माणूस दिसतो, त्याची चिडचिड दिसते, त्याचे न बसणारे पाय दिसतात. पण नंतरच्या छोट्या-मोठ्या चरित्रपुस्तिकांत बाबा हळूहळू निवळत गेले. १९७७ मध्ये राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाला' आला. डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले. लागू स्वतः विवेकवादी, त्यामुळे प्रश्नांची धार त्यांच्या तोंडून बोथट झाली नाही. तरी त्या चित्रपटाची लोकांच्या मनातली आठवण आहे ती गाण्याची आणि करुणेची. प्रेक्षक रडून बाहेर पडले, असे जुने लोक सांगतात. बाबांच्या कीर्तनातून बाहेर पडणारे रडत असत की हसत, याचा शोध मौखिक इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाने अजून घ्यावा. बाबांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता नव्वदीत आहेत. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत ती अजून सापडतील, फार वर्षे नाही.

त्या चित्रपटाचा दुसरा भाग कोणी काढला नाही. काढला तर त्याची पहिली चौकट वलगावच्या पुलावर नको, मंत्रालयाच्या पायरीवर हवी. एक चिंध्या पांघरलेला म्हातारा, शेजारी दाढीवाले भाऊराव, आणि त्यांना आत सोडावे की नाही या विचारात पडलेला शिपाई. प्रसंग गंभीर आहे, पण पटकथाकाराने तो विनोदीच लिहावा. बाबांनी तो तसाच निभावला असता.

तोवर वांद्र्याची ध्वनिफीत आहे. शाळांमधून ती वाजवायला परवानगी लागत नाही, खर्च लागत नाही. आवाज जुना आहे, काही शब्द खरखरीत विरतात, वऱ्हाडी न येणाऱ्याला दोनदा ऐकावे लागेल. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष बाबांच्या आवाजाकडे न देता मागच्या आवाजांकडे द्यावे. पोलिसांच्या बायका आहेत, पोरे आहेत, शिपाई आहेत. बाबा विचारतात, ते उत्तर देतात, पुन्हा विचारतात, पुन्हा देतात, आणि मधेच कुठेतरी सगळे एकदम हसतात.